एनडीएचा अर्ज : फॉर्मपासून गुणवत्ता यादीपर्यंत

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे ज्या संस्थेला सगळेच एनडीए म्हणतात तिथे, प्रवेश मिळवण्याची प्रक्रिया बाहेरून पाहणाऱ्याला एका लेखी परीक्षेएवढीच दिसते. ‘पेपर कसा गेला?’ हा प्रश्न मला नातेवाईक, शिक्षक आणि शेजारी अशा सर्वांनी विचारला. त्याच्यापुढचा प्रश्न कोणाजवळ नव्हता. प्रत्यक्षात संघ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा ९०० गुणांची असते आणि तिच्यात उत्तीर्ण झालेल्यांची सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाकडून, म्हणजे एसएसबीकडून, पाच दिवस चालणारी मुलाखतही तेवढ्याच ९०० गुणांची असते. वैद्यकीय तपासणीला गुण नसतात, पण तिथे जो अडकला त्याचे आधीचे सगळे गुण निरुपयोगी ठरतात. या सर्व टप्प्यांतून गेल्यावर माझी अशी धारणा झाली आहे, की गणित आणि इंग्रजीपेक्षा उमेदवाराचा कस लागतो तो एका साध्या गोष्टीत : तू कोण, कुठला, घरी कोण कोण आहे आणि आजवर काय केलेस, हे वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या माणसांनी विचारल्यावर उत्तर एकच येते का, यात.

पात्रतेचे नियम फारसे गुंतागुंतीचे नाहीत. वय साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे, उमेदवार अविवाहित, लष्करासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, तर हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय लागतात. बारावीत शिकत असतानाही अर्ज करता येतो. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि प्रत्येक वेळी जागा साधारण चारशे असतात. त्यांतल्या दोनशे आठ लष्कराच्या, एकशेवीस हवाई दलाच्या, बेचाळीस नौदलाच्या आणि उरलेल्या नौदल अकादमीच्या. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे मुलींनाही ही परीक्षा खुली झाली आणि मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून बाहेर पडली. आमच्या कॉलेजातल्या ज्या मुलींनी तोवर एनडीएचे नावही काढले नव्हते, त्यांपैकी काही जणी माझ्यासोबत त्याच परीक्षेला बसल्या होत्या.

मी अकरावीची परीक्षा देऊन मोकळा झालो होतो, तेव्हा मे महिन्यात आयोगाची जाहिरात आली. अर्ज ऑनलाइन असतो आणि त्याआधी एकवेळची नोंदणी करावी लागते. या नोंदणीत नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर जसे आहे तसेच भरायचे असते, आणि इथेच महाराष्ट्रातल्या मुलांची पहिली अडचण सुरू होते. आपल्या मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव असते. आधार कार्डावर स्वतःचे नाव आधी आणि आडनाव शेवटी. शिवाय माझ्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव ‘बाळासाहेब’ असे होते आणि त्यांच्या स्वतःच्या आधार कार्डावर ‘बाळू’. गावात त्यांना बाळू म्हणणारेही आहेत आणि बाळासाहेब म्हणणारेही, त्यामुळे हे दोन्ही एकच आहेत हे कोणाला सांगावे लागत नाही. आयोगाच्या संगणकाला मात्र ते सांगण्याची सोय नव्हती. जन्मतारखेच्या बाबतीतही दहावीचे प्रमाणपत्रच ग्राह्य धरले जाते. (माझ्या पिढीची सुटका झाली; वडिलांच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा वाढदिवस गुरुजींच्या कृपेने एक जूनला येतो.) नेट कॅफेतला माणूस ‘एवढं कोण बघतंय’ म्हणत होता, पण आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ऐकले नाही. त्यांनी स्वतःचे आधार कार्ड दुरुस्त करून घेतले, माझेही नाव दहावीच्या क्रमाने लावून घेतले आणि मगच अर्ज भरला गेला. शुल्क शंभर रुपये होते. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना आणि मुलींना तेही माफ असते.

अर्जातच सेवांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. हा रकाना बहुतेक मुले मित्राचे पाहून भरतात. मी लष्कर पहिले आणि नौदल दुसरे लिहिले आणि हवाई दल शेवटी ठेवले. असे का केले, हे कोणीतरी पुढे विचारील याची तेव्हा कल्पना नव्हती. ते विचारले गेले.

लेखी परीक्षेविषयी थोडक्यातच सांगतो, कारण तिच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. सप्टेंबरमधल्या एका रविवारी पुण्याच्या केंद्रावर सकाळी गणित आणि दुपारी सामान्य क्षमता चाचणी झाली. गणिताचे १२० प्रश्न, ३०० गुण आणि अडीच तास. दुसऱ्या पेपरात इंग्रजी आणि सामान्य ज्ञान मिळून १५० प्रश्न, ६०० गुण आणि तेवढाच वेळ. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एकतृतीयांश गुण कापले जातात. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण सेमी इंग्रजीत झाले असल्याने गणिताची आणि विज्ञानाची भाषा परकी वाटली नाही. इतिहास-भूगोलाचे प्रश्न मात्र मनातल्या मनात मराठीत आणून सोडवावे लागले. गणितात सर्व प्रश्न सोडवण्याचा हट्ट धरला तर वेळ पुरत नाही आणि अंदाजाने गोल रंगवले तर गुण जातात, म्हणून जे येते तेच सोडवून बाकीचे कोरे सोडण्याची सवय आधीच लावून घेतली होती. लेखीचा कटऑफ नऊशेपैकी तीनशे ते साडेतीनशेच्या आसपास राहत आल्यामुळे ‘लेखी फक्त पास व्हायची असते’ असे सर्रास म्हटले जाते. ते खरे नाही. लेखीतला प्रत्येक गुण शेवटच्या अठराशेत धरला जातो.

निकालानंतर दोन आठवड्यांच्या आत लष्कराच्या भरती संकेतस्थळावर पुन्हा नोंदणी करावी लागते. तिथे तीच माहिती पुन्हा भरायची असते आणि पुढे एसएसबीच्या उपलब्ध तारखांतून आपली तारीख निवडायची असते. सप्टेंबरची परीक्षा देणाऱ्या बारावीच्या विद्यार्थ्यांना इथे तारेवरची कसरत करावी लागते, कारण मुलाखतीचे दिवस आणि बारावीच्या प्रात्यक्षिक व लेखी परीक्षा जवळजवळ एकाच हंगामात येतात. मला जानेवारीची तारीख आणि भोपाळचे केंद्र मिळाले. कॉलेजच्या पूर्वपरीक्षेचे काही पेपर बुडणार होते. प्राचार्यांनी बोलावण्याचे पत्र पाहिले आणि एका शब्दात परवानगी दिली.

मधल्या काळात एका क्लासला गेलो. नाव सांगण्याची गरज नाही, कारण अशा क्लासांची पद्धत सगळीकडे सारखीच असल्याचे भोपाळला जमलेल्या मुलांशी बोलताना कळले. वेगाने लिहिण्याचा सराव तिथे चांगला झाला आणि त्याचा उपयोगही झाला. पण चित्र पाहून गोष्ट लिहायची असेल तर नायकाने गावात रक्तदान शिबिर भरवावे, शब्द पाहून वाक्य लिहायचे असेल तर त्यात धैर्य यावे, छंद विचारला तर ‘वाचन आणि ट्रेकिंग’ असे सांगावे, असे ठरलेले साचे घोटून घेतले जात. वडिलांच्या व्यवसायापुढे नुसते ‘बिझनेस’ लिहावे, ते भारदस्त दिसते, असेही तिथल्या सरांनी सुचवले होते. माझे वडील गावात दूध संकलन केंद्र चालवतात आणि शेती करतात. बिझनेस हा शब्द त्यांच्यासाठी आमच्या घरात कोणीही वापरलेला नाही.

साताऱ्याहून गोवा एक्सप्रेसने भोपाळला उतरलो. पहिल्यांदाच बोलावणे आलेल्या उमेदवाराला थ्री टियर एसीचे रेल्वेभाडे परत मिळते, म्हणून तिकीट जपून ठेवले होते. स्टेशनवरून लष्कराच्या बसने केंद्रावर नेले आणि पहिली रांग लागली ती कागदपत्रांची. दहावीची मूळ गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, बारावीत शिकत असल्याचा कॉलेजचा दाखला, ओळखपत्र, छायाचित्रे आणि पालकाच्या सहीचे जोखीम प्रमाणपत्र. या शेवटच्या कागदावर, चाचण्यांदरम्यान दुखापत झाल्यास भरपाई मागणार नाही, असे लिहिलेले असते. आण्णांनी सही करण्याआधी ते दोनदा वाचून घेतले होते आणि ‘विहिरीत उड्या मारतोस तेव्हा कुठं सही घेतली होती माझी’ एवढेच म्हणाले होते. रांगेत माझ्यापुढचा विदर्भातला मुलगा नावातल्या फरकामुळे बाजूला काढला गेला. त्याला प्रतिज्ञापत्र लिहून द्यावे लागले आणि त्याचा पहिला अर्धा दिवस त्या धावपळीत गेला; तो उमेदवार म्हणून उत्तम होता, पण चाचणीला बसला तेव्हा दमलेला होता.

कागद तपासून झाल्यावर छातीवर आणि पाठीवर क्रमांक बांधला जातो आणि मग पाच दिवस तोच तुमचे नाव. पहिल्या दिवशी बुद्धिमापनाची चाचणी आणि त्यानंतर चित्रावरून गोष्ट, अशी छाननी असते. धूसर चित्र तीस सेकंद पडद्यावर दिसते, त्यातली माणसे, त्यांची वये आणि मनःस्थिती टिपून चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग गटात एकेकाने ती सांगायची आणि शेवटी चर्चा करून सर्वांची मिळून एक गोष्ट ठरवायची. आमच्या चर्चेत पहिली दोन मिनिटे सगळेच एकदम बोलत होते आणि बाजारातल्या लिलावासारखा गलका झाला होता. मी फार बोललो नाही. चित्रात तीन माणसे आहेत की चार, यावर वाद अडला होता तेवढा मुद्दा आधी मिटवू या, असे सुचवले आणि तो मिटला. चर्चा इंग्रजीतच झाली. माझे इंग्रजी पुस्तकी आहे आणि उच्चार साताऱ्याचे आहेत, पण त्यावरून कोणी हसले नाही आणि तपासणाऱ्यांनी मानही वर केली नाही. दुपारी निवडलेले क्रमांक वाचून दाखवले गेले. आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले त्याच संध्याकाळी बसमध्ये बसून स्टेशनवर परत गेली.

छाननीत टिकलेल्यांसाठी पीआयक्यू नावाचा एक फॉर्म असतो. वैयक्तिक माहितीचा हा साधा कागद आहे, पण माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत याच्याइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही. आयुष्यातला सर्वांत जास्त काळ कुठे राहिलात, त्या ठिकाणाची लोकसंख्या किती, ते जिल्ह्याचे मुख्यालय आहे का. आई-वडील आणि भावंडे यांचे शिक्षण, व्यवसाय आणि उत्पन्न. दहावीपासूनचे गुण, शाळेचे माध्यम, वसतिगृहात होता की घरी. खेळ, छंद, एनसीसी, कुठे काही जबाबदारी सांभाळली का. हा फॉर्म मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यासमोर असतो आणि इतर परीक्षकांनाही उपलब्ध असतो. म्हणजे त्यात जे लिहिले त्यावरूनच पुढचे प्रश्न निघतात. लोकसंख्या मी निघण्यापूर्वी ग्रामपंचायतीतून २०११ च्या जनगणनेची घेऊन ठेवली होती. वडिलांच्या व्यवसायापुढे ‘दूध संकलन केंद्र चालवणे आणि शेती’ असे लिहिले. छंदापुढे विहिरीत पोहणे आणि केंद्रावरची हिशेबाची वही ठेवणे. दुसरे छंदात बसते का, याची शंका होती, पण रोज पहाटे मी जे आवडीने करतो ते तेच होते. शेजारी बसलेल्या मुलाने ट्रेकिंग लिहिलेले मला दिसले. पुढे मुलाखतीत त्याला शेवटचा किल्ला कोणता चढलास, वाटेत पाणी कुठे होते आणि बूट कोणते घातले होते, एवढेच विचारले आणि तो घामाघूम होऊन बाहेर आला.

दुसरा दिवस मानसशास्त्रीय चाचण्यांचा. बारा चित्रांवर बारा गोष्टी, त्यांतले शेवटचे चित्र कोरे. मग साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद आणि तेवढ्यात एक वाक्य. मग तीस मिनिटांत साठ प्रसंग, ज्यात तुम्ही काय कराल ते लिहायचे. शेवटी पंधरा मिनिटांत स्वतःचे वर्णन : आई-वडिलांना तुम्ही कसे वाटता, शिक्षकांना कसे वाटता, मित्रांना, स्वतःला आणि पुढे काय व्हायचे आहे. पाठ केलेल्या गोष्टी लिहिणाऱ्यांचीही गाडी पहिल्या चार-पाच चित्रांपर्यंत व्यवस्थित चालते. नंतर हात दुखू लागतो, विचार करायला वेळ राहत नाही आणि मनात जे आहे तेच कागदावर उतरू लागते. चाचणीची रचनाच तशी आहे. माझ्या गोष्टींतले नायक हळूहळू शिबिरे भरवायचे सोडून पाण्याची मोटर दुरुस्त करू लागले, हे मला लिहितानाच जाणवले. स्वतःच्या वर्णनात मी लिहिले, की आई मला हट्टी म्हणते आणि वडिलांच्या मते मी हिशेबात चोख पण बोलण्यात तुटक आहे.

पुढचे दोन दिवस मैदानावरच्या गटचाचण्यांचे. त्या घेणाऱ्या अधिकाऱ्याला जीटीओ म्हणतात. दोन गटचर्चा, नकाशावरच्या प्रसंगाचे नियोजन, चिठ्ठीवरच्या विषयांतून एक निवडून तीन मिनिटांचे भाषण, एकट्याने पार करायचे अडथळे आणि गटाने पार करायचे अडथळे. गटाच्या पहिल्या अडथळ्यात बल्ली, फळी आणि दोर देऊन आमच्या चमूला एक जड पेटी पलीकडे न्यायची होती. लाल रंगाच्या भागाला माणसाचाही स्पर्श नको आणि सामानाचाही, दोन कठीण वस्तू एकमेकींना बांधायच्या नाहीत आणि ठरावीक अंतराच्या पलीकडे उडीही मारायची नाही. आमच्यातला एक मुलगा मोठ्याने हुकूम सोडत होता आणि फळी पुनःपुन्हा त्याच चुकीच्या जागी टेकवत होता. छत्रपती संभाजीनगरच्या एसपीआयमधून, म्हणजे एनडीएसाठी मुलांची तयारी करून घेणाऱ्या सरकारी संस्थेतून, आलेला एक शांत मुलगा खाली वाकून पाहत होता. फळीचा टेकू हातभर डावीकडे सरकवला तर तिचे दुसरे टोक पांढऱ्या खुंटावर पोचते, हे त्याला दिसले होते, पण त्याचे कोणी ऐकेना. मी फळीच्या मागच्या टोकावर बसलो, म्हणजे ती उलटणार नाही, आणि त्याला म्हणालो, तू पुढे हो. तो गेला. मग हुकूम सोडणाराही मुकाट्याने दोर घेऊन त्याच्यामागे निघाला. जीटीओने वहीत काय टिपले ते अर्थात कळले नाही. माझा अंदाज असा, की पुढारीपणाच्या आवाजापेक्षा फळी पलीकडे पोचली की नाही याकडे त्यांचे अधिक लक्ष असावे. पण हा अंदाजच आहे.

माझी मुलाखत तिसऱ्या दिवशी संध्याकाळी झाली. अधिकारी शांत आवाजात, एका दमात दहा-बारा प्रश्न विचारतात आणि सगळ्यांची उत्तरे क्रमाने द्यायची असतात : दहावीपासूनचे गुण, कोणत्या वर्षी का घसरले, आवडते शिक्षक, न आवडणारे शिक्षक आणि ते का आवडत नाहीत, जवळचे मित्र, पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस, घरात जास्त कोणाशी बोलतोस. मग पसंतीक्रम : लष्कर पहिले का आणि हवाई दल शेवटी का? मी जे खरे होते ते सांगितले, की आमच्या गावातल्या अनेक घरांतून माणसे लष्करात गेलेली आहेत, त्यांचे आयुष्य मी जवळून पाहिले आहे आणि विमानाविषयी मला तेवढी ओढ कधी वाटली नाही. त्यानंतर अर्धा वेळ दुधावर गेला.

गाईच्या दुधाचा दर कसा ठरतो, असे त्यांनी विचारले. फॅट आणि एसएनएफवर, मी म्हणालो. साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ हा आधार धरून दर लागतो आणि त्याखाली गेले की दरपत्रकाप्रमाणे पैसे कमी होतात. एसएनएफ म्हणजे काय? स्निग्धांश आणि पाणी सोडून दुधात जे घन उरते ते. पाणी घातले की दोन्ही आकडे उतरतात, पण नुसता फॅट उतरला तर पाणीच घातले असे म्हणता येत नाही, जनावराच्या वैरणीतही फरक पडलेला असू शकतो. मग त्यांनी विचारले, की यंत्राने कमी दाखवले आणि शेतकरी भांडायला उठला तर तू काय करतोस? हे माझ्यासमोर घडलेले होते. आण्णा आजारी असताना मी केंद्रावर होतो आणि एका वयस्क शेतकऱ्याच्या दुधाचा फॅट नेहमीपेक्षा बराच कमी आला. ते चिडले. मी यंत्र धुऊन त्यांच्यासमोर नमुना पुन्हा लावला. आकडा तोच आला. त्यांनी तिसऱ्यांदा लावायला सांगितले. मी नाही म्हणालो, कारण मागे रांग होती आणि दुधाच्या गाडीची वेळ झाली होती. पण त्यांचा नमुना बाटलीत वेगळा काढून ठेवला आणि संध्याकाळी आण्णांना दाखवतो असे सांगितले. अधिकाऱ्यांनी विचारले, मग संध्याकाळी काय निघाले? आकडा तोच निघाला, पण ते गृहस्थ दहा दिवसांनी बिल घ्यायला आले तेव्हाही माझ्याशी बोलले नाहीत. ‘आणि अजून?’ अजूनही नीटसे बोलत नाहीत, मी म्हणालो. ते हसले आणि कागदावर काहीतरी लिहिले. आदल्या दिवशीच्या साठ प्रसंगांत जवळजवळ अशाच एका भांडणाचा प्रसंग होता आणि तिथेही माझे उत्तर ‘पुन्हा मोजतो, नोंद ठेवतो, काम पुढे चालू ठेवतो’ असेच होते. ते जुळावे म्हणून मी लिहिले नव्हते. मला दुसरे काही सुचलेच नव्हते.

मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा अधिकारी आणि जीटीओ या तिघांचे काम ‘मनसा, वाचा, कर्मणा’ या शब्दांत सांगण्याची तिथे प्रथा आहे. तिघे पाचव्या दिवसापर्यंत आपापले मत स्वतंत्रपणे बनवतात. पाचव्या दिवशी परिषद असते : सगळे परीक्षक गणवेशात एका मोठ्या टेबलाभोवती बसलेले असतात, उमेदवार एकेकटा आत जातो, दोन-तीन साधे प्रश्न विचारले जातात आणि तो बाहेर येतो. मला राहण्या-जेवण्याची व्यवस्था कशी होती, एवढेच विचारले. सीमारेषेवरच्या उमेदवारांना तिथे जास्त वेळ थांबवतात, असे रिपीटर, म्हणजे आधी एसएसबी देऊन गेलेली, मुले सांगत होती, आणि त्यामुळे कोण किती मिनिटांत बाहेर आला याचा हिशेब दाराबाहेर चालला होता. मग सर्वांना एकत्र उभे करून मोजकेच क्रमांक पुकारले गेले. त्यांत माझा होता. एसपीआयच्या मुलाचाही होता. फळीवरून हुकूम सोडणाऱ्याचा नव्हता, पण जाताना त्याने आम्हा दोघांचे हात जोरात दाबून अभिनंदन केले.

वैद्यकीय तपासणीत मला तात्पुरते अपात्र ठरवले, कारण नाकाचे हाड वाकडे होते. आमच्याकडे ‘नाकाचं हाड वाढलंय’ म्हणतात आणि त्यावर वाफ घेण्यापलीकडे कोणी काही करत नाही. लष्करी डॉक्टरांनी कारण स्पष्ट लिहून दिले आणि बेचाळीस दिवसांच्या आत अपील वैद्यकीय मंडळासमोर जाता येते, असे समजावून सांगितले. हा काळ पुरेसा असतो, पण घरी येऊन विचार करायला नव्हे. आल्या-आल्या कान-नाक-घसा तज्ज्ञाची वेळ घ्यावी लागते. शस्त्रक्रिया कराडला झाली, नाकात बोळे असताना रसायनशास्त्राची उजळणी केली आणि बारावीचे पेपर सुरू होण्याआधी पुण्याच्या लष्करी रुग्णालयात अपील मंडळाने पात्र ठरवले. ज्या मुलांचे वजन, कानातला मळ किंवा दातांच्या कारणाने असेच अडले होते, त्यांतली काही अपिलाला गेलीच नाहीत, हे मला आजही समजत नाही. त्या तपासण्या भोपाळला जाण्याआधी तालुक्याच्या ठिकाणीही करून घेता येतात.

आयोगाची गुणवत्ता यादी बारावीच्या लेखी परीक्षेनंतर लागली. अठराशेपैकी माझे गुण काठावरचे होते आणि यादीत माझा क्रमांक तळाकडे होता. गुण काही दिवसांनी जाहीर झाले तेव्हा दिसले, की एसएसबीत माझ्यापेक्षा कमी गुण मिळालेली अनेक मुले लेखीच्या जोरावर माझ्यापुढे होती. आणि आमच्याबरोबर एसएसबीतून निवडलेला व वैद्यकीयदृष्ट्या पात्र ठरलेला एक मुलगा लेखीत थोडेसे गुण कमी पडल्यामुळे यादीतच आला नाही. त्याचे वय अजून बसत होते, त्यामुळे त्याने पुढच्या परीक्षेचा अर्ज भरला, पण एसएसबीचे गुण पुढे चालत नाहीत, पाचही दिवस पुन्हा द्यावे लागतात. ‘लेखी फक्त पास व्हायची असते’ असे सांगणाऱ्यांनी हे एकदा पाहावे.

यादीच्या खाली एक सूचना असते, की सर्व उमेदवारांची निवड तात्पुरती असून जन्मतारीख आणि शैक्षणिक पात्रतेची प्रमाणपत्रे सादर केल्यावरच ती कायम होईल. बारावीचा निकाल मेच्या अखेरीस लागला. गुणपत्रिका कॉलेजातून मिळाली त्याच दिवशी आण्णांनी ती दहावीच्या गुणपत्रिकेशेजारी ठेवून नावाचे एकेक अक्षर ताडून पाहिले, साक्षांकित प्रती काढल्या आणि दुसऱ्या दिवशी टपालाच्या वेळेआधी भरती कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवून दिल्या.